ताईची खुर्ची

३ मे, मंगळवार

वाट लागली! पूर्ण वाट.

काल शेजारच्या गावच्या नाट्यगृहात स्पीकरमधून जे काही बाहेर पडत होतं, ती गिटार नव्हतीच. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवत होतं. अंगठा टेकवला की 'ढप', बारीक तार उचलली की 'टिंग' — मधलं सगळं गायब! लाकूड कुठे गेलं? बाबांची गिटार आहे ती, सायप्रसच्या लाकडाची. घरात नुसती भिंतीला टेकवून ठेवली तरी रस्त्यावरून गाडी गेल्यावर गुणगुणते. साउंडवाल्याला खुणा करून करून माझी मान दुखली. साहेब मोबाइलमध्ये. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं कुठली तरी कळ फिरवली आणि — कुंईऽऽ! पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

आणि ताई! तिला वेगळ्या चौथऱ्यावर बसवलेलं, कुंड्यांच्या पलीकडे. का, तर म्हणे फोटोत छान दिसतं. गिटारच पोचली नाही तर ती बिचारी सूर धरणार कुठे? सोलेआचं संथ, दुखरं गाणं सुरू केलं आणि मी एकीकडे, ती भलतीकडेच. आमची आरासेली बेसूर! जिच्या नुसत्या खाकरण्यावर लोक 'ओले!' म्हणून दाद द्यायचे, ती! मागच्या रांगेतून कुणी तरी हसला. मला स्पष्ट ऐकू आलं. तिला आलं नाही, देवाची कृपा.

येताना गाडीत मीच बोलत होतो — साउंडवाल्याची आई, बहीण, आजी, सगळ्यांचा उद्धार करून झाला. ती खिडकीतून ऑलिव्हची झाडं बघत होती.

५ मे, गुरुवार

लेओपोल्दो भेटला. फार्मसीच्या दारातच गाठलं त्यानं. शाळेत माझ्या वह्या उतरवून काढायचा, आता मसुराच्या रात्रीच्या, म्हणजे गावच्या गाण्याच्या जलशाच्या, कमिटीचा अध्यक्ष.

"बाल्दो, वाईट वाटून घेऊ नकोस. पण यंदा आरासेलीला घ्यावं की नाही, यावर कमिटीत जरा बोलणं चाललंय."

माझं डोकंच फिरलं. मसुराच्या रात्री ताई नाही? जुन्या तेलघाण्याच्या अंगणात आधी सगळ्या कलावंतांना मसुराच्या आमटीचा वाडगा, मग गाणी, आणि शेवटचं गाणं आमच्या घरचं — हे काय लेओपोल्दोनं ठरवलं होतं? आधी आजी गायची, मग आई, आता ताई. शेजारी बाबा बसायचे, आता मी. ताईकडे दुसरं आहे काय? नवरा गेला. दिवसभर लोकांच्या चादरींना इस्त्री करते आणि वर्षातून एकदा त्या खुर्चीवर बसते, तेव्हा हेच गाव तिच्यासाठी उठून उभं राहतं. ती खुर्ची काढून घेतलीत तर ती इस्त्री करतच मरेल.

म्हणालो, "गाणं नाही बिघडलं, साउंड बिघडला."

"हो का? नाचता येईना अंगण वाकडं!"

"अरे, अंगण खरंच वाकडं होतं! घरी ये, ऐक, मग बोल."

"घरी काय, घरी सगळेच गातात," म्हणाला आणि आत गिऱ्हाईकाला खोकल्याचं औषध द्यायला गेला. गोळ्या विकणारा! उचलली जीभ लावली टाळ्याला.

८ मे, रविवार

ताईकडे गेलो. फोन करून जायचं म्हटलं तर तिच्याकडे फोन नेहमी एस्त्रेयाच उचलते. "आई कामात आहे, मामा." कायम कामात! पोरगी पंचायतीत नोकरीला लागली तशी तिची सेक्रेटरी पण झाली.

स्वयंपाकघरातच बसलो. शेगडीवर चणे शिजत होते. ताईनं तिची बुटकी खुर्ची ओढली, माझ्या खुर्चीला खेटून. मग तिचं ते नेहमीचं — वाकली, गिटारच्या टोकाला, खुंट्यांच्या वर, कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले. मी सूर छेडला. ती तशीच. लोक म्हणतात, बापाला नमस्कार करते. आधी करायची नाही, आई गेल्यावर सुरू झालं हे. मग गुडघा गिटारच्या कडेला घट्ट दाबून बसली आणि तोंड उघडलं.

काय सांगू! भांडी थांबली, चणे थांबले. एस्त्रेया ओल्या हातांनी दारात उभी. एक सूर इकडचा तिकडे नाही. तिच्या आवाजात आता जरा राख मिसळलीय, पण ती हवीच आहे, त्यानंच तर गाणं पिकतं. शेवटच्या ओळीला माझे डोळे भरून आले आणि मी शरमेनं तारांकडे बघत राहिलो.

मला चेष्टा सुचली. म्हटलं, "सूर कानानं घेतात ताई, कपाळानं नाही!"

ती माझ्या तोंडाकडे बघत हसली. "तुला काय कळतंय, शेंबड्या!" — हळूच. हल्ली बोलतेच किती हळू. पूर्वी बाजारातून हाक मारली तर चर्चच्या घंटेला ऐकू जायची. दुःखानं माणूस हळू होतं म्हणतात.

पण सिद्ध झालं ना! गळा खणखणीत आहे. दोष आहे तो माइकचा, तारेचा, स्पीकरचा. माझाच, म्हणजे. गिटार तिच्यापर्यंत पोचवायचं काम माझं. आता लेओपोल्दोला दाखवतोच!

११ मे

सेव्हियाच्या साउंडवाल्या गास्परला फोन केला. मोठमोठ्या गिटारवाल्यांबरोबर फिरतो. आमच्याकडे येईल का? आला तर पाय धरीन.

१५ मे, रविवार

इतक्या वर्षांत काय काय करून पाहिलं, आज मोजत बसलो होतो. समोर माइक ठेवला — आवाज खरा, पण जरा मोठा केला की कुंई. तारांच्या घोडीखाली सरकवायची, आवाज पकडणारी पट्टी बसवली — कुंई नाही, पण आवाज कंगव्यावर कागद लावून फुंकल्यासारखा. मग कुणी पायानं दाबायची पेटी दिली. तिच्यातून गिटार विहिरीत पडल्यासारखी वाजायची. भीक नको पण कुत्रं आवर! बाबांना हे काहीच करावं लागलं नाही. ते वाजवायचे तेव्हा लोक गप्प बसायचे, एवढाच त्यांचा साउंड.

आता लोक गप्प बसत नाहीत. बिअर, पोरं, फोन, तळलेल्या माशांचा स्टॉल. आवाज मोठा केल्यावाचून गत्यंतर नाही.

२२ मे, रविवार

गास्पर आला! दाढीवाला, तोंडाचा फटकळ, पण कान सोन्याचा. गिटार हातात घेतली, ठोकून पाहिली, नाक आत घालून वास घेतला. म्हणाला, "मास्तर, ही बाई बोलते. हिला नुसतं बोलू द्यायचं."

मग म्हणाला काय करायचं ते. घोडीखाली पट्टी — खर्जासाठी. आणि पोटात एक छोटा माइक — हवेसाठी, लाकडासाठी. दोन्ही एकत्र करायचं. अंगणात आधी जाऊन नेमक्या कोणत्या सुरावर कुंई होते तो शोधायचा आणि तेवढाच दाबायचा. ऐकूनच मला भरून आलं. इतकी वर्षं कुणी हे नीट सांगितलंच नव्हतं!

पण वायर बाहेर काढायला गिटारच्या बुडाला भोक पाडावं लागेल.

"कुणाच्या गिटारला?" मी ओरडलो. "ही बाबांची आहे!"

"मग तुमच्या बाबांनाच वाजवू द्या," म्हणाला.

दुसरी गोष्ट. त्यानं आम्हाला दोघांना वाजवून-गाऊन दाखवायला सांगितलं. ताई खेटून बसली, गायली. छान गायली. गास्पर टाळ्या वाजवून म्हणाला, "काकू, गळ्याला तोड नाही. पण तुम्ही मास्तरांपासून लांब बसायचं. चांगल्या तीन-चार हातांवर. नाहीतर तुमचा आवाज त्यांच्या माइकमध्ये, त्यांचा तुमच्या माइकमध्ये, दोन्ही भांडतात आणि मधल्या मध्ये मी मरतो. आणि तो गुडघा — गुडघा तर अजिबात नको. पोटातला माइक सगळं धरतो. तुमचा गुडघा स्पीकरमधून हत्तीसारखा चालेल."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो हा?"

"लांब बस म्हणतो."

एस्त्रेया मध्येच म्हणाली, "मामा, तिला जवळच बसू दे ना. सवय आहे तिची."

"सवयी बदलतात," मी म्हणालो.

एस्त्रेया पुढे काही तरी बोलणार होती. ताईनं तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी उठून अंगणात गेली. मायलेकींचं काही तरी बिनसलंय वाटतं.

४ जून, शनिवार

पाडलं भोक.

मीच पाडलं, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नव्हतो. गिटार ब्लँकेटवर पालथी घातली. ड्रिल लावलं आणि काढलं, लावलं आणि काढलं. शेवटी डोळे मिटले नाहीत एवढंच. बारीक पिवळा भुगा पडला आणि वास आला — बाबांच्या खोलीचा. मी तिथेच फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो. लिहायला काय जातंय, इथे कोण वाचणार आहे?

संध्याकाळी ताईला दाखवली. तिनं भोकावरून बोट फिरवलं. किती तरी वेळ फिरवत होती.

"हे कुणासाठी केलंस, बाल्दो?"

"तुझ्यासाठी. तुला मी ऐकू यावा म्हणून."

तिचा चेहरा असा झाला — मला वाटलं आता थोबाडीत देते. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाली, "वेडा आहेस."

१२ जून, रविवार

गावच्या क्लबात साउंडची चाचणी. लेओपोल्दो मुद्दाम आला होता, हाताची घडी घालून.

तारेला हात लावला आणि — आहाहा! ही गिटार! अंगठ्याला पोट आहे, करंगळीला धार आहे, नखाचा टकटक आवाजसुद्धा कोरडा, स्वच्छ. आणि लाकूड! भिंतीभिंतीतून सायप्रस येत होतं. बारवाला हातातला ग्लास तसाच धरून उभा. लेओपोल्दोची घडी सुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जे वाजवतो तेच लोकांना ऐकू गेलं.

मग ताई आली. आणि सरळ येऊन मला खेटून बसली! गुडघा लावला — ढुम्म! सगळा क्लब हादरला. गास्पर ओरडला. मी ओरडलो. सांगितलं होतं ना? तिनं खुर्ची वीतभर सरकवली आणि परत वाकली, कपाळ टेकवायला. खुंट्यांना डोकं लागलं — डग्ग! पोरं हसायला लागली.

"ताई, काय चाललंय? लांब बस ना!"

"लांबून नाही जमत."

"नखरे करू नकोस! लोक बघतायत."

शब्द बाहेर पडला तो पडलाच. ती उठली, गास्परनं चिकटपट्टीनं खूण केली होती त्या खुर्चीवर जाऊन बसली. गास्पर म्हणाला, "काकू, एक ओळ गा, तुमच्या समोरच्या मॉनिटर-स्पीकरमध्ये गिटार बघून घेऊ." तर मॅडमचं उत्तर — "गळा म्हणजे काय ट्यूबलाइट आहे, लावून बघायला?" सगळे हसले. खरंच आहे ते. आमच्यात चाचणीला कोण गातं? आईसुद्धा कधी गायली नाही. गाणं वाया घालवायचं नसतं, ते लोकांसमोरच उघडायचं.

गास्परनं नुसतं विचारलं, "गिटार पुरेशी येतेय ना, काकू?"

"पुरे, बाळा, पुरे."

"अजून वाढवू?"

"पुरे, बाळा."

बघा! दुसरा कुणी गायक असता तर हे वाढव, ते कमी कर, म्हणून जीव खाल्ला असता. ताईचं असं नाही.

१८ जून, शनिवार

पोस्टर लागलं. ताईचं नाव आहे! सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, पण आहे. लेओपोल्दो म्हणाला, "साउंड चांगला झालाय म्हणून घेतोय. पण बाल्दो, पुन्हा मे महिन्यासारखं झालं तर मात्र मला विचारायला येऊ नकोस. शेवटच्या गाण्याला सेव्हियाची एक मुलगी तयार आहे."

आणखी एक टूम काढलीय त्यानं. अंधारात गिटार एकटी सुरू होईल, मग हळूहळू दिवे, मग ताई चालत येईल आणि बसून गायला लागेल. गास्परला फार आवडलं. मलाही, खोटं कशाला बोलू. आधी गिटार, एकटी, त्या अंगणात! बाबांना कधी हे मिळालं नाही.

१ जुलै, शुक्रवार

सकाळी सकाळी ताई दारात. हातात गरम पाव, तेलाची बाटली. बसली, कॉफी घेतली. इकडचं तिकडचं — कुणाच्या सुनेला दिवस गेले, इस्त्रीची वायर जळली. मग एकदम:

"बाल्दो, माइकबिक काही नको. तू आणि मी, दोन खुर्च्या. बाबा आणि आई बसायचे तसे. केलं तर?"

मला हसू आलं. "त्या अंगणात? मासे तळतायत, पोरं बोंबलतायत. कुणाला काय ऐकू येणार ताई?"

"खरं आहे," म्हणाली. "लोकांना नाही येणार."

पाव तसाच राहिला. भिंतीला टेकवलेल्या गिटारकडे बघत होती.

"मी तुझ्याजवळ बसले तर फार वाईट वाजतं का?"

"तू ऐकलंस ना क्लबात!"

"आणि लांब बसले तर?"

"तर ताई, तुला शपथेवर सांगतो, बाबांच्या हयातीतही ही गिटार अशी कुणी ऐकली नसेल."

ती हसली, अगदी लहानपणी माझ्या वाटचा मार खाऊन यायची तेव्हा हसायची तशी.

"मग लांब बसते."

हुश्श! शेवटी पटलं एकदाचं. जाताना दारात तिनं मला धरून ठेवलं, बराच वेळ. म्हातारपणी हळवी झालीय.

९ जुलै, शनिवार

दुपार. आज मसुराची रात्र. अंगण तापलंय. गास्परनं कुंईचा सूर शोधला आणि दाबला. खुर्च्यांच्या जागी चिकटपट्टी. ताईनं मॉनिटरसमोर उभं राहून "पुरे" म्हटलं. माझी नखं ठीक. मसूर शिजायला लागलेत.

आई, बाबा, लक्ष असू द्या.

१० जुलै, रविवार

लिहवत नाही. लिहितो.

अंधारात मी सुरू केलं. सगळं अंगण एकदम चिडीचूप. मासेवाल्यानंसुद्धा गॅस बारीक केला. गिटार अशी निघाली — नाही, त्याबद्दल नको.

दिवे आले. ताई आली. काळा पोशाख, आईची शाल. लोक उठून उभे राहिले, टाळ्या, 'आरासेली, आरासेली!' ती तिच्या खुणेवर जाऊन बसली. माझ्या हातांकडे बघत होती, एकटक. मी सूर दिला. ती थांबली. परत दिला. मग तिनं 'आऽय' उचललं.

चुकीचं. थोडंथोडकं नाही, पार चुकीचं. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. मला वाटलं घसा बसला असेल, सावरेल. मी तिच्या मागे गेलो — सुराची पट्टी बदलली, दुसऱ्या जागी पकडायला गेलो तर ती तिथूनही निघून गेलेली. आवाज केवढा मोठा, केवढा खुला! आणि माझी गिटार इतकी स्वच्छ वाजत होती की प्रत्येक चूक पाटीवर लिहिल्यासारखी दिसत होती. साउंड वाईट असता तर झाकली तरी गेली असती.

पहिल्यांदा लोक गप्प. मग कुजबुज. मग मागून ती टाळी सुरू झाली, सावकाश, एका ठेक्यात — आमच्याकडे ज्या टाळीनं माणसाला मंचावरून उठवतात ती. ताईला ती टाळी दिसली. गाणं तोडलं नाही तिनं. गाता गाताच खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि खुर्ची ओढायला लागली. माझ्याकडे. फळ्यांवर पाय घासले — घर्रर्र — स्पीकरमधून, सगळ्या अंगणात. मी तिच्याकडे बघून मान हलवली. नको. डोळे वटारले. नको!

ती थांबली. तिथेच, मधोमध.

मग उठली, लोकांना हात जोडले, शाल सावरली आणि गेली. "आजी, आता घरीच बसा!" — कोण ओरडला ते मला माहीत आहे. त्याच्या बारशाला आई गायली होती.

मी वाजवत राहिलो. हात थांबेनात.

खाली उतरलो तर गास्परनं मिठी मारली. "काकूंचं वाईट झालं, मास्तर. पण गिटार! या अंगणात असा आवाज मी कधी काढला नव्हता!" लेओपोल्दो नुसता खांद्यावर हात ठेवून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

११ जुलै

ताईकडे गेलो. दार वाजवलं. उघडलं नाही. आतून इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता.

१३ जुलै, बुधवार

पुन्हा गेलो. पुन्हा तेच. दारावर मुठी आपटल्या, शेजारीण बाहेर आली, पण ही ढिम्म. वर रुसायचं हिनंच! मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? बापाच्या गिटारला भोक पाडलं हिच्यासाठी! कुत्र्यासारखा सेव्हियावाल्याच्या मागे फिरलो. गिटार कानात ओतली हिच्या, आणि हिनं सगळ्या गावासमोर आमच्या घराण्याची अब्रू घालवली. संपलाय गळा. म्हातारी झालीय, कबूल का करत नाही?

लेओपोल्दोनं सेव्हियाच्या मुलीला पुढच्या वर्षाचं विचारलंय. तिच्याबरोबर वाजवशील का म्हणून मलाही विचारलं. हो म्हणालो.

१६ जुलै, शनिवार

एस्त्रेया येऊन गेली. उभ्या उभ्याच बोलली.

ताईला ऐकू येत नाही. आई गेली त्या वर्षापासून कमी कमी होत गेलं, आता काहीच नाही. कानाच्या आतलं हाड धरलंय. हवेतून आलेला आवाज आत शिरत नाही. हाडाला काही टेकलं, तरच. कपाळ. गुडघा. डॉक्टर म्हणाला होता, लाकूड अंगाला लागलं की गिटार येईल, लांबून कधीच येणार नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाली, मामा. म्हणाली, बाल्दोला कळलं तर तो सगळं सोडून माझ्यापुरतंच वाजवेल. त्याची गिटार एकदा तरी सगळ्या गावाला नीट ऐकू दे."

ती खुर्ची ओढत माझ्याकडेच येत होती. निम्मंच अंतर राहिलं होतं. मी मान हलवली.